वैशाखातले घोडे

अकोल्याच्या एका भटजीकडे माझे घोडे अडकून पडले आहेत. चारा खाणारे नव्हेत, इंजिनातले. मी दरवर्षी मागतो, ते दरवर्षी देत नाहीत. संत्र्याच्या धंद्यात माझा माल कुणी असा दाबून ठेवला असता तर मी त्याच्या दारात बसून गाव गोळा केलं असतं. इथे तोही उपाय चालत नाही. दारात बसलो की ते चहा पाजतात आणि पंचांग काढून पुढे ठेवतात.

त्यांना सगळे महाराज म्हणायचे. घराणं पिढीजात भिक्षुकीचं. सकाळी उपरणं टाकून ते शोरूममध्ये नव्या गाड्यांची पूजा करत, आणि दुपारी घरामागच्या टिनाच्या शेडमध्ये त्याच गाड्यांचं डोकं उघडत. डोकं म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर. पेट्रोल किती सोडायचं, ठिणगी कधी टाकायची, टर्बोनं हवा किती दाबायची, हे सगळं तो ठरवतो. कंपनी साऱ्या जगासाठी एकच बेत आखून देते. महाराज लॅपटॉप जोडून तो बेत बदलत आणि त्याच इंजिनातून जास्त ताकद काढत. लोक याला ट्यूनिंग म्हणतात. महाराज ‘संस्कार’ म्हणत.

“पूजा सगळ्याइची करतो,” ते सांगत, “संस्कार सगळ्याइचा नाही करत.”

पूजेतही त्यांचं स्वतःचं शास्त्र होतं. नारळ फोडायचा दगड ते मोपेडच्या डिक्कीत घेऊन फिरत. एकदा एका नव्या मालकानं हौसेनं नारळ थेट गाडीच्या बंपरवर आपटायला हात उचलला. महाराजांनी मंत्र अर्धा सोडून त्याचं मनगट धरलं. “देवाले नारळ पायजे बाप्पा, तुहा बंपर नाही!” म्हणाले, आणि मंत्र जिथे सोडला होता तिथूनच पुढे चालू केला. त्यांची ती मोपेड मात्र बिनसंस्काराची. चढ आला की पायानं रेटत. कुणी हसलं तर म्हणत, “मले कोठी जाची घाई हाये?”

गाडीत ट्यूनिंग करावं का, हा प्रश्न त्यांना आठवड्यातून कितीदा तरी ऐकावा लागे. उत्तर कधी सरळ नसे. एक डॉक्टर आपली बिनटर्बोची स्पोर्ट्स कार घेऊन आले. गाडी सुंदर, डॉक्टर लठ्ठ. महाराजांनी बोनेट न उघडताच सांगितलं, “डॉक्टरसाहेब, हे इंजिन आपल्याच श्वासावर चालते. याले टर्बो नाही. कॉम्प्युटर बदलून मूठभर ताकद मिळन, तुमाले समजनारबी नाही. त्यापेक्षा चांगले टायर टाका, आन् तुमी थोडे कमी व्हा. गाडी आपोआप पळन.” डॉक्टर रागावून गेले. टायर मात्र टाकले, असं नंतर कानावर आलं.

दुसऱ्या एका पोट्ट्याला एक्झॉस्टमधून फटाके वाजवणारं ट्यूनिंग हवं होतं. पाय सोडला की फाट-फाट आवाज व्हायला हवा होता. महाराजांनी त्याला घरात बोलावलं, पाटावर बसवलं आणि ओव्याची पुडी हातात दिली. “हे गाडीले दे. अपचन झालं हाये तिले.”

आता माझं सांगतो. मी शेंदूरजनाघाटचा. वडलांचं काळं वावर भावाभावांत वाटून माझ्या वाट्याला आलं ते एवढंसं. मी ते भावाला कसायला दिलं आणि संत्र्याच्या गाड्या भरायला लागलो. पेट्या उचलता उचलता बागेत उभं राहून झाडावरचा माल जोखायला शिकलो. आज अमरावतीत माझा स्वतःचा व्यापार आहे. माझा डोळा चुकत नाही, आणि भाव करताना मी ऐकत नाही. जुने व्यापारी अजूनही रुमालाखाली हात घालून बोटं दाबून सौदा करतात. त्या रुमालाखाली माझा हात गेला की समोरच्याला घाम फुटतो, असं लोक म्हणतात. मी नाही म्हणत नाही.

आयुष्यात एकच गोष्ट मी भाव न करता घेतली, ती ही गाडी. दोन दरवाज्यांची, टर्बोची, परदेशी, दुसऱ्या हाताची. रंग पिकल्या संत्र्याचा. नागपुरात एका आवारात उभी दिसली आणि माझं तोंडच बंद झालं. घरी आणली तेव्हा बायको ओसरीत उभी होती. तिनं गाडीभोवती एक चक्कर मारली.

“अवो, याच्यात पेट्या किती मावतीन?”

“एकबी नाही.”

“मंग मानसं?”

“दोन. मांग दोन बसतीन, पाय घरी ठेवले तं.”

तिनं वळून अंगणातल्या पिकअपकडे पाहिलं. आमची पिकअप ती माझ्यापेक्षा बरी चालवते, बागेतून माल भरून कितीदा आणला आहे तिनं. तिच्या त्या पाहण्याचा अर्थ मला कळला.

गाडी चांगली होती, पण एक खोट होती. पाय दाबला की ती क्षणभर विचार करत बसे, मग उडी मारी. मी चौकशी केली. सगळ्यांनी अकोल्याच्या महाराजांचं नाव सांगितलं. ऐन थंडीत, पहाटेचं धुकं फाडत मी अकोल्याला गेलो. महाराज अंगणात ऊन खात बसले होते. त्यांनी गाडी पाहिली, माझ्याकडे पाहिलं.

“कावून पायजे ताकद?” त्यांनी कारण विचारलं.

“कावून म्हनजे? स्पोर्ट्स गाडी हाये, महाराज. पन्नास घोडे वाढवून द्या.”

“वीस होतीन.”

“पंचेचाळीस.”

“शेठ, हे बैलबाजार हाये का?”

“बरं, मधलं धरा,” मी खिशातला रुमाल काढला आणि हात पुढे केला. “या रुमालाखाली.”

त्यांनी हात उपरण्यात लपवला. लहान मूल मिठाई लपवतं तसा. “पौष चालू हाये. वैशाखात ये.”

हीच ती गोष्ट. माझी तक्रार इथे सुरू होते आणि अजून संपलेली नाही. माणूस भटजी, तोंडात पौष आणि वैशाख. कुणीही काय समजेल? मी समजलो की मुहूर्त पाहून राहिले. पौषात लग्न नाही, मुंज नाही, म्हणून इंजिनाचंही शुभकार्य नाही! माझं डोकं फिरलं. म्हटलं, “महाराज, कॉम्प्युटरले पंचांग नाही लागत.” ते म्हणाले, “लागते.” बस, एवढंच. पुन्हा ऊन खायला लागले.

मी त्याच आठवड्यात गाडी घेऊन एका मोठ्या शहरात गेलो. तिथे चकाचक दुकान, काचेची खोली, भिंतीवर रंगीत आलेख. तिथल्या माणसानं सांगितलं, चाळीस घोडे वाढतील. मी साठ मागितले. तो पन्नासला लगेच ‘हो’ म्हणाला. संत्र्यात कुणी असा लगेच ‘हो’ म्हणाला की मी पेटी उलटी करून तळ बघतो. पण घोड्यांची पेटी कशी उलटी करणार? त्यानं केलं, गाडी पळाली, आणि खरं सांगतो, काय पळाली! थंड हवा, शहरातलं महागडं पेट्रोल, गाडीला पंख फुटले होते. येताना मी मुद्दाम अकोल्यात महाराजांच्या गल्लीतून दोनदा गेलो. ते ओट्यावर होते. त्यांनी हात वर करून आशीर्वाद दिला. त्याचाही मला राग आला.

मग चैत्र लागला. एका दुपारी बायकोला घेऊन मी अकोल्याला लग्नाला निघालो होतो. मूर्तिजापूरच्या अलीकडे इंजिनातून टणटण आवाज यायला लागला, डब्यात खडे हलवल्यासारखा. मग समोर पिवळा दिवा लागला, आणि गाडी एकदम लंगडी झाली. पाय दाबला तरी बैलगाडीसारखी चालेना. तापमानाचा काटा तांबड्या रेघेकडे निघाला. मी गाडी बाजूला घेतली. बायको जरीची साडी सावरत बाभळीच्या तुटक्या सावलीत जाऊन उभी राहिली. शेवटी गाडी ओढून न्यायला ट्रक आला. तेव्हा ती बोलली.

“आयका. आपली संत्र्याची पिकअप कधी अशी उभी राह्यली का?”

“नाही.”

“माह्या माहेरी, अचलपूरले, तो ठेकेदार ही गाडी मांगून राहिला ना? येत्या वैशाखातल्या उन्हात ही गाडी अचलपूरले न तापता पोचली, तं ठेवा. तापली, तं त्याच्याच दारात चावी देऊ आन् एसटीनं घरी येऊ.”

तिच्याशी मी भाव करत नाही. कधी जमलेलंच नाही. हो म्हटलं. मी पेट्या उचलत वाढलो. जन्मात एकच वस्तू निव्वळ आवडली म्हणून घेतली होती, आणि ती आता कुणा ठेकेदाराच्या अंगणात धूळ खाणार होती.

ट्रक गाडी ओढत अकोल्याला घेऊन गेला. दुसरं कुठे नेणार? महाराजांनी शेडचं दार उघडलं. मी तयारीतच होतो. ते ‘मी सांगितलं होतं ना’ म्हणाले की मी फाडफाड बोलणार होतो. ते तसं काही म्हणाले नाहीत. लॅपटॉप लावला, बराच वेळ पाहत बसले. प्लग काढले, त्या भोकांतून बारीक कॅमेरा सोडून आत पाहिलं.

“पिस्टन वाचले,” ते म्हणाले. “देवाची कृपा नाही म्हनत मी, गाडीची हाये. तुह्या त्या शहरातल्या मानसानं हिचा कानच बधिर करून ठेवला होता. इंजिन टणटण करते तवा कॉम्प्युटर आयकते आन् ताकद कमी करते, इंजिन वाचवते. यानं ते आयकनंच बंद केल्यासारखं केलं. तरी शेवटी तिनं आयकलं बिचारीनं.”

मग त्यांनी समोरचा बंपर सोडवला. आत टर्बोची हवा थंड करणारी जाळी असते. मी वाकून पाहिलं. जाळी दिसतच नव्हती. नुसती पांढरट-मळकी गादी. सगळा हिवाळा मी कापसाच्या ट्रकांमागून गाडी पळवली होती. रस्त्याभर उडणारी रुई त्या जाळीत जाऊन बसली होती आणि वर धुळीचा थर. महाराजांनी बोटानं एक गठ्ठा ओढून काढला आणि माझ्या तळहातावर ठेवला.

“हे घे तुह्ये घोडे. इथं रुई खात बसले होते.”

मला हसू आलं, आणि राग आला म्हणून मी हसलो नाही.

“आता करून द्या,” मी म्हटलं.

महाराजांनी भिंतीवरच्या पंचांगाकडे पाहिलं. “चैत्र हाये.”

मी ओरडणार होतो, पण बायकोनं माझ्या हातातली रुई काढून घेतली आणि विचारलं, “वैशाखात कधी येऊ, महाराज?”

“ज्या दिवशी घराबाहेर पडू नोका असं सारे म्हनतीन, त्या दिवशी या. भर दुपारी.”

गाडी त्यांच्याच शेडमध्ये राहिली होती; वैशाखात तसा दिवस उजाडला तेव्हा आम्ही अमरावतीहून एसटीनं गेलो. बसच्या खिडकीची सळई हातात धरवत नव्हती. अकोल्यात रस्त्यावर कुत्रं नव्हतं. टिनाच्या शेडमध्ये तर भट्टीच. महाराज डोक्याला ओलं फडकं बांधून, गाडीत, मांडीवर लॅपटॉप घेऊन, प्रसन्न बसले होते. असा प्रसन्न माणूस मी अकोल्यात मे महिन्यात दुसरा पाहिला नाही.

“आता मुहूर्त,” ते म्हणाले.

“महाराज, एवढ्या उन्हात?”

“उन्हाचाच मुहूर्त हाये ना! थंडीत तं म्हातारंबी पहिलवान असते. पौषात गाडी ट्यून केली तं ती पौषात पळन, वैशाखात मरन. वऱ्हाडातल्या गाडीचा संस्कार वैशाखातच करा लागते, आपल्या इथल्या पंपावरचं साधं पेट्रोल भरून. इथं जी हसली, ती बारा महिने हसन.”

मी उभाच राहिलो. “हे तुमी पौषात कावून नाही सांगितलं?”

“सांगितलं ना. वैशाखात ये म्हनलं.”

“ऊन म्हना ना मंग! मे म्हना! वैशाख म्हनलं तं मानूस मुहूर्तच समजन ना!”

“मी भटजी हाये, शेठ. मी वैशाखच म्हनन.” मग माझ्याकडे जरा निरखून पाहत म्हणाले, “आन् तू कुठं ‘कावून’ म्हनून इचारलं? तू तं ‘किती’ म्हनून इचारत होता.”

याचं उत्तर मी अजून शोधतो आहे. सापडलं की अकोल्याला जाऊन देईन.

मग त्यांनी तोच जुना प्रश्न विचारला, पण मला नाही. बायकोला.

“ताई, तुमाले कावून पायजे ताकद?”

“मले नको काही ताकद,” ती म्हणाली. “आमी अचलपूरले जातो तं रस्ता अरुंद. समोर ट्रक असला का हे बाजूनं घुसतात. आन् ही गाडी त्याच टायमाले इचार करत बसते. समोरून बस येऊन राहिली, बाजूले ट्रक, आन् हिचा इचार चालू. जीव तोंडात येते माहा. तिनं इचार घरी करावा. तिथं निघून जावं. बस.”

महाराजांचं तोंड असं उजळलं की जणू कुणी त्यांना दक्षिणेत गाय दिली. “पाहा! याले म्हन्तात मागनं! सारे येतात ते वरची ताकद मांगतात, मीटरच्या पार त्या टोकाची. तिथं जाते कोन? इथं रस्ता कुठं हाये तेवढा? ताकद पायजे ती खाली, पाय ठेवल्याबरोबर.” आणि कामाला लागले.

चार महिने मी हात पुढे करून उभा होतो. तिनं एकदा तक्रार सांगितली आणि सौदा झाला. भाव केला नाही, रुमाल नाही, काही नाही. ही माझी दुसरी तक्रार.

ते दोन-तीनदा मला बाजूला बसवून उन्हात गाडी चालवून आले, थांबून लॅपटॉपवर काहीतरी बदललं, पुन्हा गेले. शेवटी किल्ली माझ्या हातात ठेवली. “मोठ्या रस्त्यानं जाऊ नको. दर्यापूर-अंजनगाववरून अचलपूरले जा. एसी चालू ठेव. आन् वरच्या टोकाचे काही घोडे मी दिले नाही. राखून ठेवले.”

“कावून?”

“बियान्याचं धान्य कोनी दळून खाते का?”

वाद घालायला वेळ नव्हता. आम्ही निघालो. डांबर वितळून टायरला चिकटत होतं. दोन्ही बाजूंना नांगरून पडलेली काळी वावरं, त्यावर हवा थरथरत होती. बायकोनं एसीची झडप स्वतःकडे वळवली आणि डोळे काट्यावर ठेवले. मीही. काटा मधोमध.

दर्यापूर सोडल्यावर कुटाराचा ट्रक लागला. आमच्याकडे उन्हाळ्यात जनावरांसाठी कुटार वाहून नेतात, ट्रकच्या दोन्ही अंगांना गाठोडी अशी फुगलेली असतात की रस्ता त्याच्याच नावावर आहे असं वाटतं. मागून फक्त भुसा उडत होता. मी बाहेर डोकावलो. समोर दूरवर एसटी येत होती. पूर्वी मी घुसलो असतो आणि गाडीनं विचार केला असता. बायकोनं दारावरची मूठ धरली. मी पाय ठेवला.

गाडी गेली. पाय ठेवला आणि गेली, एवढंच. उडी नाही, घरघर आवाज नाही. सरळ ताठ माणूस उठून चालायला लागावा तशी. एसटी यायच्या कितीतरी आधी आम्ही आमच्या बाजूला परत आलो होतो. बायकोनं मूठ सोडली आणि काट्याकडे पाहिलं. मधोमध.

“हं,” ती म्हणाली. तिचा ‘हं’ मला बाजारातल्या कुठल्याही भावापेक्षा मोठा वाटतो.

अचलपूरला ठेकेदार दारातच उभा होता. फोनवरून त्याला आधीच सांगून ठेवलेलं. हात पुढे करूनच आला. मी किल्ली खिशात धरून उभा राहिलो; अट तिनं घातली होती, बोलायचं तिनंच होतं. तिनं बोनेटवर हात ठेवला, चटका बसला तसा पदरात गुंडाळला. तरी हसत होती.

“भाऊ, पानी पाज आधी, मंग चहा. गाडी इकाची नाही.”

“मंग आले कायले एवढ्या उन्हात?” ठेकेदार वैतागला.

“इकाची नाही हे पाहाले,” ती म्हणाली.

संध्याकाळी निघताना तिनं माझ्यापुढे हात केला, तसाच ठेकेदारासारखा. मी समजलो नाही. “किल्ली,” ती म्हणाली. अमरावतीपर्यंत तिनंच चालवली. पिकअप चालवणारा हात होता, गाडीला लगेच ओळख पटली.

महाराज आता बहुतेक वर्ष पुण्याला लेकीकडे असतात. मात्र वैशाख लागला की, अकोल्याचे लोक थंड हवेला पळतात तेव्हा, हे उलटे अकोल्याला येतात. पुण्याच्या उन्हाबद्दल विचारलं तर म्हणतात, “ते ऊन नाही बाबू, उन्हाची जाहिरात हाये.” रागावले की मी शेठ असतो, खूश असले की बाबू. हल्ली बाबूच असतो. माझ्यासारखे कितीतरी जण गाड्या घेऊन शेडबाहेर उभे असतात. कुणाला ते करून देतात, कुणाला ओवा देतात. आणि मी दरवर्षी माझे राखलेले घोडे मागतो.

गेल्या वैशाखात मी पुन्हा भांडलो. चांगलाच आवाज चढवला. म्हटलं, जाळी मी दर महिन्याला स्वतः ब्रशनं साफ करतो, पेट्रोल पाहून भरतो, टायर नवे टाकले, ब्रेक नवे टाकले, आता तरी द्या. महाराजांनी सगळं ऐकून घेतलं. मग, एवढ्या वर्षांत पहिल्यांदा, त्यांनी उपरण्याचं टोक पसरलं आणि आपला हात त्याखाली पुढे केला.

“घाल हात, बाबू. पुढच्या वैशाखाचा सौदा.”

मी हात घातला. त्यांनी बोटं दाबली.

किती दाबली ते सांगणार नाही. रुमालाखालचा आकडा उघडा केला की सौदा मोडतो. एवढंच सांगतो की मी भाव केला नाही, आणि यंदा मी पौषापासूनच ऊन कधी तापतं याची वाट पाहतो आहे.